इनास मेस्त्री आणि खिळ्यांची बंदूक

इनास मेस्त्रींच्या खाकी शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी दाढीचा ब्रश असे. मी कामावर लागले त्याच दिवशी तो मला दिसला आणि माणूस जरा विक्षिप्त असावा, असं मी मनाशी ठरवून टाकलं. थोड्या वेळाने त्यांनी एका वाटीत साबणाचा फेस केला, पिस्तुलासारखी मूठ असलेलं एक बोजड यंत्र ठोकळ्यावर ठेवलं आणि त्याला हवेची नळी जोडून त्याच्या अंगभर फेस फासायला सुरुवात केली. न्हावी गिऱ्हाइकाला फासतो तसा, कानामागे, हनुवटीखाली. मग वाकून बघत राहिले. चापाजवळ एक बुडबुडा आला, फुगला, फुटला. परत आला.

"हितून जातेय," ते म्हणाले आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. "हवा दिसत न्हाय ना बाय. तोंडाला साबन लावला की बोलते."

एकाहत्तर-बहात्तरच्या सुमाराची ही गोष्ट. भाईंदर पूर्वेला, मिठागरांच्या कडेला आमच्या गुजराती शेठची पत्र्याची शेड होती. परदेशी जाणाऱ्या यंत्रांसाठी तिथे लाकडी खोकी बनत. मी मूळची रोह्याची, तेव्हा चोवीस वर्षांची, भाईंदर पश्चिमेला मामांकडे राहायची. स्टोअर सांभाळायचं, पत्रं लिहायची आणि तयार खोक्यांवर काळ्या रंगाने अक्षरं छापायची, हे माझं काम. शेठनी कुठूनशा दोन परदेशी बंदुका मिळवल्या होत्या, खिळे मारायच्या. कॉम्प्रेसर हवा दाबून टाकीत भरायचा, ती नळीतून बंदुकीत यायची. चाप ओढला की आतला दट्ट्या दाणकन खाली यायचा आणि अडीच इंची खिळा फळीत गडप. चार सुतारांचं काम एक माणूस करायचा. पण बिघडली की सुटे भाग मिळायची मारामार, आणि आमच्याकडच्या खाऱ्या हवेत त्या सारख्याच बिघडायच्या. म्हणून शेठनी इनास मेस्त्रींना आणलं होतं.

ते उत्तनचे, ख्रिस्ती कोळ्यांच्या घरातले, पन्नाशीला आलेले. मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करता करता ते गोदीतल्या एका वर्कशॉपात गेले होते आणि तिथे हवेच्या हत्यारांवर त्यांचा हात बसला होता. रोज पहिल्या बसने भाईंदरला यायचे आणि रूळ ओलांडून शेडमध्ये.

त्यांना बसलेलं मी फारसं पाहिलं नाही. हाताला काम नसलं तरी पाय चालूच. कॉम्प्रेसरवर हात ठेवून यायचे, नळीवरून बोटं फिरवायचे, दाराशी जाऊन मिठागरांकडे बघायचे, परत फिरायचे. जेवतानासुद्धा भाकरीवर सुकटीची चटणी ठेवून ती हातात धरून बांधावर येरझाऱ्या घालायचे. मी एकदा स्टूल पुढे केलं तर म्हणाले, "बसलो की माजे कान बंद होतात. यंत्र काय बोलतेय ते उभ्यानेच ऐकू येते." त्यांच्या फिरण्याने माझं चित्त उडायचं. हिशोबाला बसले की त्यांची सावली टेबलावरून जायची, यायची. चार दिवस ते रजेवर गेले तेव्हा मात्र शेड बंद पडल्यासारखी वाटली.

दुरुस्तीची त्यांची एक रीत होती आणि ती मोडलेली त्यांना खपत नसे. बंदूक अडकली की माणसं आधी तिच्या तोंडात वाकून बघायची. मेस्त्री लांबूनच ओरडायचे, "नळी काढ आधी! आधी नळी, मग डोकं!" नळी काढली की उरलीसुरली हवा बाहेर काढायला एकदा चाप ओढायचा. मग प्रश्न. खिळा अर्धाच जातो का? मग दाब बघ, टाकीत पाणी साचलंय का बघ, दट्ट्याला तेलाचे चार थेंब मिळालेत का बघ. दणका बसतो पण खिळाच येत नाही? मग खिळ्यांच्या पट्टीची स्प्रिंग थकलीय. एक एक गोष्ट बघायची. दोन गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत, कारण मग "कोन चोर आनि कोन साव, ते कळत न्हाय."

आणखी एक गोष्ट. दुरुस्ती झाली की आम्ही विचारायचो, "झाली का बरी?" त्यावर ते हटकून म्हणायचे, "चालली म्हन. बरी झाली म्हनू नको." कशाने बिघडली ते सापडलं असेल तरच ती बरी झाली, नुसती सुरू झाली असेल तर ती चालली. या दोन शब्दांत ते कधी गल्लत करत नसत. आम्ही त्याची थट्टा करायचो. कोणाचं डोकं दुखायचं थांबलं की म्हणायचो, "चाललं रे, बरं न्हाय झालं!"

बंदूक चालवण्यात सगळ्यांत तरबेज होता नारायण. राजापूरकडचा, तिशीचा, खारी गावात भाड्याच्या खोलीत बायकोबरोबर राहायचा. खोक्यावर चढून, उतरून, वाकून तो असा खिळे मारत जायचा की बघत राहावं. मेस्त्री त्याच्यामागे फिरायचे आणि कुरकुरायचे, "नारायन, चालताना चापावरचं बोट काढ." नारायण बोट बाजूला काढून दाखवायचा. "काढलं बघा मेस्त्री. तुमच्या धाकानं झोपेत पण काढतो."

पावसाळा सरत आला होता तेव्हा नारायणच्या बंदुकीच्या चापाखालची झडप गळायला लागली. आत रबराची एक बारीक रिंग असते, ती झिजली होती. मेस्त्री माझ्या टेबलाशी आले. "बाय, मुंबईला मिळेल ही. पन तेलाला टिकनारी सांग. काळी, तेलाची. साधं रबर नको." मी मागणीचा कागद लिहिला. त्यावर शेठची सही लागायची. त्या दिवशी शेठ कुणावर तरी फोनवर ओरडत होते. दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी माल गोदीत पोचवायची घाई. कागद माझ्या टेबलावर पत्रांच्या गठ्ठ्याखाली गेला. मेस्त्रींनी एकदा विचारलं, मी म्हटलं, "पाठवते." त्यांनी आणखी एकदा विचारलं, तेव्हाही मी तेच म्हटलं. दरम्यान त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबमधून रिंग कापून बसवली होती आणि बंदूक चालली होती. मी तो कागद विसरले.

गणपती होऊन गेले, उकाडा वाढला. एका मंगळवारी जेवणानंतर मी खोक्यावर अक्षरं छापत होते. नारायण पलीकडच्या खोक्यावरून खाली उतरत होता, बंदूक हातात, मांडीशी. दणका ऐकू आला. रोजचाच आवाज, म्हणून मी मान वर केली नाही. मग नारायण म्हणाला, "अरे." ओरडला नाही, नुसतं "अरे" म्हणाला. मी बघितलं तर तो खोक्याला टेकून उभा होता आणि गुडघ्याच्या जरा वर त्याच्या पँटवर डाग पसरत होता. खिळा हाडात गेला होता.

त्याला मुंबईच्या हॉस्पिटलात हलवलं. शेठ माणूस दुष्ट नव्हते, पण घाबरले होते. संध्याकाळी मला बोलावून म्हणाले, "लिखो. कामगारनी भूल. चालताना चापावर बोट ठेवला." सरकारी कचेरीत द्यायचा तो कागद मी लिहून दिला.

मेस्त्री हॉस्पिटलात जाऊन आले ते वेगळेच दिसत होते. आधीच पाय न थांबणारा माणूस, आता हातही थांबेनात. "तो म्हनतो चापावर बोट नव्हतं," मला म्हणाले. दहा पावलं जाऊन परत आले. "नव्हतं म्हनतो. नारायन खोटं कशाला बोलेल?"

त्यांनी ती बंदूक खोलली. प्रत्येक भाग पुसला, उन्हाशी धरून बघितला, जोडला. दहा खिळे मारले, दहाही नीट. परत खोलली. परत जोडली. परत दहा. तीन दिवस हेच. पायाखाली खिळे मारलेल्या फळ्यांचा ढीग झाला आणि दोष काही सापडेना. तिसऱ्या दिवशी शेठ येऊन उभे राहिले.

"इनास, बंदूक चालते ने?"

"चालते."

"तो फिर काम चालू करो ना, भाई. माल पडून आहे."

"चालते शेठ. बरी न्हाय."

"काय वाईट आहे ते तर दाखव!"

मेस्त्री बंदूक हातात घेऊन शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. सुतार हातोड्या थांबवून बघत होते. जाता जाता ते माझ्या टेबलाशी थांबले, माझ्याकडे न बघता बोलले, "मी दर वेळेला खोलतोय. पुसतोय, सुकवतोय, मग बघतोय. नारायन कुठं खोलत होता? तो सकाळी धरायचा आनि मारत सुटायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नारायणच्या जागी उभे राहिले. बंदूक उघडली नाही. नारायण घालायचा तेवढंच तेल घातलं आणि रद्दी फळ्यांवर खिळे मारायला लागले, नारायणच्याच वेगाने. बंदुकीसमोर कोणी यायचं नाही म्हणून बजावलं होतं. दर काही खिळ्यांनंतर ते चापावरून बोट काढायचे, हात उंच करून आम्हा सगळ्यांना दाखवायचे आणि बंदुकीचं तोंड फळ्यांच्या ढिगाकडे धरून तिच्या बाजूवर लाकडाने हलकेच ठोकायचे. काही व्हायचं नाही. दहा वाजले, बारा वाजले. जेवले नाहीत. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. पन्नाशीच्या माणसाचा खांदा त्या दणक्यांनी भरून आला असणार, पण थांबा म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

तीनच्या सुमाराला त्यांनी बोट काढलं, हात वर केला, लाकडाने ठोकलं, आणि बंदूक उडाली. खिळा ढिगाच्या वरच्या फळीत गेला. हात अजून वरच होता. शेडमध्ये कॉम्प्रेसरचा आवाज तेवढा राहिला.

त्यांनी नळी काढली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी त्यांना खाली बसताना पाहिलं. जमिनीवर मांडी घालून त्यांनी चापाखालची झडप उघडली आणि चिमट्याने ती रिंग काढली. सायकलच्या ट्यूबची. तेल पिऊन ती फुगली होती, आपल्या खोबणीत घट्ट बसली होती. चाप सोडला तरी झडप मागे येत नव्हती, अर्ध्यातच अडकून राहायची. मग जरासा धक्का पुरे. पुसून सुकवली की ती पुन्हा आवळायची, म्हणून तीन दिवस काही दिसलं नव्हतं.

शेठ आले. मेस्त्री उठून उभे राहिले आणि तळहातावर ती रिंग ठेवून सगळ्यांसमोर म्हणाले, "ही मी कापली. साधं रबर तेलात फुगते, मला ठाऊक होतं. चार दिवस म्हनून लावली आनि महिनाभर ठेवली. नारायनची चूक न्हाय. माजी हाय."

आता ते माझ्याकडे बघतील, म्हणतील की बायला रिंग मागवायला सांगितली होती. ते बघतील म्हणून मी खाली बघत राहिले. त्यांनी माझं नाव घेतलं नाही.

शेठ त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "घरनी वात घरमां राखो ने, इनास. बाहेर कशाला सांगायची? तुझी पण नोकरी राहील." मेस्त्री म्हणाले, "मी हॉस्पिटलात चाललोय त्याला सांगायला." आणि तसेच तेलकट हातांनी स्टेशनकडे निघाले. आदला कागद अजून कचेरीत गेला नव्हता, तो मला फाडावा लागला. नव्यात 'यंत्रातील दोष' असं लिहिलं. नारायणचा उपचाराचा खर्च शेठना उचलावा लागला, आणि मेस्त्रींना त्यांनी दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्याच संध्याकाळी गठ्ठ्याखालून मी तो मागणीचा कागद काढला आणि बारीक तुकडे करून मिठागराच्या पाण्यात टाकला.

होळीनंतर नारायण कामावर आला. पाय गुडघ्यात नीट वाकत नव्हता. शेठनी त्याला करवतींना धार लावायचं काम दिलं. रोज सकाळी तो माझ्या टेबलासमोरून लंगडत जाताना हसून म्हणायचा, "काय बाई, बरं आहे ना?" त्या प्रश्नाने माझा दिवस नासायचा. जेवण उतरेना. मामी विचारायची, काय गं, कुठं लक्ष असतं? मी एका जागी बसू शकत नव्हते. दुपारच्या सुट्टीत मीही बांधावर फेऱ्या मारायला लागले.

शेवटी एका रविवारी बस पकडून उत्तनला गेले. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या पलीकडे एक होडी किनाऱ्यावर ओढलेली होती आणि मेस्त्री तिच्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालून उभे होते. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही. मी एका दमात सगळं सांगितलं. कागद लिहिला, पाठवला नाही, फाडला.

"ठाऊक हाय," ते म्हणाले.

"मग तेव्हा शेठसमोर का नाही बोललात?"

"माजी रिंग मी सांगितली. तुजा कागद तू सांगायचा." त्यांनी हात चिंधीला पुसले. "आनि बाय, मला सांगून काय होनार? माजा पाय धड हाय."

मी रडायला लागले. त्यांनी समजूत घातली नाही. बायकोला हाक मारून चहा करायला सांगितला आणि मला बसपर्यंत सोडायला आले. वाटेत दुसरंच काही बोलत होते, यंदा पापलेट किती कमी लागलं ते.

त्याच आठवड्यात मी खारीला नारायणच्या खोलीवर गेले. त्याच्या बायकोने चटई घातली. मी उभ्यानेच सांगितलं. नारायण म्हणाला, "एवढे दिवस रोज मी तुम्हाला विचारत होतो, बरं आहे ना. आणि तुम्ही बरं आहे म्हणत होतात." मग म्हणाला, "जा तुम्ही."

मी गेले. त्यानंतर आम्ही सहा वर्षं एकाच शेडमध्ये होतो. कामापुरतं बोलणं, तेही जमलं तर दुसऱ्याकडून. मी सांगून टाकलं होतं, माझ्याकडून संपलं, अशी मी मनाची समजूत घालत असे.

सहाव्या वर्षी इनास मेस्त्री गेले ते होडीवरच, इंजिन सुरू करता करता. छातीत कळ आली आणि आटोपलं. निरोप शेडवर आला. त्यांच्याकडे चर्चला देऊळ म्हणतात. त्या देवळात मी मागच्या रांगेत उभी होते. पुढे कोळ्यांचा सगळा पाडा लोटला होता. माती दिली, लोक पांगले, आणि परतीच्या बसला रांगेत उभी राहिले तेव्हा कळलं, नारायणही आला होता. माझ्याआधी तो बसमध्ये चढला. मी आत गेले तर खिडकीजवळच्या जागेवर त्याने रुमाल टाकून ठेवला होता.

"बसा बाई."

मी बसले. तो शेजारी बसला, दुखरा पाय मधल्या वाटेत लांब करून. वाटेत चौक गावाच्या चढावर बस घरघरायला लागली तेव्हा तो म्हणाला, "मेस्त्री हॉस्पिटलात आले होते ना सांगायला, तेव्हा मी त्यांना शिव्या घातल्या. भांडं फेकून मारलं. दुसऱ्या दिवशी परत आले. परत हाकललं. तिसऱ्या खेपेला आले, नुसते खाटेच्या पायथ्याशी उभे. चौथ्या खेपेला मीच म्हटलं, बसा आता." तो बाहेर बघत होता. "तुम्ही एकदाच आलात."

भाईंदरला उतरलो. तो पूल चढून पूर्वेला गेला, एक एक पायरी कठड्याला धरून. मी पश्चिमेला मामांच्या घरी.

पुढच्या रविवारी सकाळी मी खारीला गेले. दार नारायणनेच उघडलं. माझ्याकडे बघितलं, दारातून बाजूला झाला आणि आत बायकोला हाक मारली, "अगं, बाई आल्यात."